शिडी उभी की लोंबती?
घडीच्या वस्तू : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण छत्रीच्या काड्या पाहिल्या. छत्रीची काडी वाकली तर माणूस फार तर भिजतो. शिडीचा सांधा वाकला तर माणूस पडतो. म्हणून घडीच्या शिडीचा विचार करताना ती मिटल्यावर किती लहान होते, हा प्रश्न मागाहून घ्यावा. आधी ठरवायचं ते हे : शिडी जमिनीवर उभी राहणार की वरून लोंबणार? एवढं ठरलं की घडी कशी घालायची, हे बरंचसं ठरून जातं.

भिंतीला टेकवलेली शिडी घेऊ. चढणाऱ्याच्या वजनाने तिचे बाजूचे दांडे दाबले जातात आणि वाकतातही. त्यासाठी ते ताठ हवेत, आणि लांबी वाढली की ताठपणा झपाट्याने कमी होतो. तोच दांडा दुप्पट लांब केला, तर मधोमध तेवढ्याच भाराने पडणारा बाक आठपट होतो. घडी घालायची म्हणजे अशा दांड्यात सांधा आणायचा. जिथे ताठपणाची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो तोडायचा आणि उघडल्यावर पुन्हा जोडायचा. उभ्या शिडीच्या रचनेतली खरी मेहनत या पुन्हा जोडण्यात आहे.

याचं सर्वांत सोपं उत्तर रंगाऱ्यांच्या घोड्यात दिसतं. घोड्याचे पुढचे आणि मागचे पाय मधल्या घडीच्या पट्टीने जोडलेले असतात. वर माणूस चढला की पाय फाकायला बघतात, पट्टी दोन्हीकडून ओढली जाते आणि तिचा मधला सांधा आणखी सरळ होतो. वजन जितकं जास्त, तितकी पट्टी घट्ट. भाराने सुटणारा नव्हे, तर भाराने घट्ट होणारा सांधा, हे घडीच्या शिडीचं पहिलं तत्त्व आहे.

दुसरी तऱ्हा अधिक देखणी आहे. यात प्रत्येक पायरीची दोन्ही टोकं खिळीवर फिरतात. एक दांडा वर सरकवला की सगळ्या पायऱ्या एकदम तिरक्या होऊन दांड्यांच्या पोकळीत शिरतात आणि हातात उरतो एक खांब. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या व्हर्जिनियातल्या मोंटिसेलो या घरी मोठ्या घड्याळाला किल्ली देण्यासाठी अशीच शिडी होती. पण या रचनेची एक अट आहे : दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले पाहिजेत. एक पाय खड्ड्यात गेला की दांडे एकमेकांवरून सरकू लागतात आणि चौकट तिरकी होते. घरातल्या फरशीवर ही शिडी उत्तम, अंगणातल्या चिखलात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. निदान एक तिरकी अडकण घातली, तरच ती चौकट पक्की होते.

तिसरी तऱ्हा हल्ली बाजारात सगळीकडे दिसणारी टेलिस्कोपिक शिडी. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकात एक सरकतात. ३.८ मीटरची शिडी मिटल्यावर एक मीटरच्या आत येते आणि गाडीच्या डिकीत बसते. प्रत्येक पायरीखाली दोन्ही बाजूंना स्प्रिंगची एकेक खुंटी असते आणि ती नळीच्या भोकात जाऊन बसते. सगळा भार या खुंट्यांवर. पण एखादी खुंटी अर्धवट बसली असेल तर शिडी बाहेरून तशीच दिसते, तशीच उभी राहते, आणि माणूस वर गेल्यावर घसरून मिटते. त्यामुळे कुलूप लागलंय की नाही, हे डोळ्यांना दिसणारी आणि कानांना ऐकू येणारी खूण इथे फार मोलाची. या शिड्यांसाठी ईएन १३१ या युरोपीय मानकाचा सहावा भाग स्वतंत्रपणे लिहिलेला आहे, तो उगीच नाही.

टेकवलेल्या शिडीला घसरण्याचाही धोका असतो. नियम साधा आहे : चार मीटर उंचीवर टेकवायची तर पाय भिंतीपासून एक मीटरवर. भिंत गुळगुळीत धरली, तर टोकाशी पोचलेल्या ७० किलोच्या माणसामुळे शिडीचे पाय साधारण १७-१८ किलो जोराने बाहेर ढकलले जातात. पाय दोन मीटरवर ठेवले तर हाच जोर ३५ किलो होतो. शिवाय माणूस वर चढेल तसा तो वाढत जातो. पहिल्या पायरीवर घट्ट वाटलेली शिडी शेवटच्या पायरीवर निसटते, ती यामुळेच.

आता लोंबती शिडी पाहा. इथे बाजूचे दांडे दाबले जात नाहीत, फक्त ओढले जातात. ओढल्या जाणाऱ्या वस्तूला ताठपणा लागत नाही, मजबुती लागते. म्हणून दांड्याच्या जागी साखळी किंवा नायलॉनचा पट्टा चालतो आणि अख्खी शिडी एका पिशवीत मावते. उघडायला कुलूप नाही, खुंटी नाही. खिडकीतून सोडली की स्वतःच्याच वजनाने सरळ होते. आगीच्या वेळी माणूस बहुधा वर अडकलेला असतो आणि त्याला खाली यायचं असतं, म्हणून संकटासाठी हीच रचना योग्य ठरते.

तिचे दोष वेगळे. ती झुलते, आणि पायऱ्या भिंतीला चिकटल्या तर पाऊल आत जात नाही. यावर उपाय म्हणजे पायऱ्यांना भिंतीच्या बाजूने बसवलेले आधार. ते शिडीला भिंतीपासून काही इंच दूर धरतात आणि झोकाही कमी करतात. दोन पायऱ्यांतलं अंतर २५ ते ३० सेंटीमीटरच्या आसपास हवं. साडीतल्या आजींना आणि दहा वर्षांच्या नातवाला त्याच पायऱ्यांवरून उतरायचं आहे, हे आकडा ठरवताना विसरू नये.

आपल्याकडे तर विचार खिडकीपासूनच सुरू करावा लागतो. मुंबई-पुण्यात बहुतेक खिडक्यांना लोखंडी ग्रिल असतं. त्यात उघडणारं दार नसेल, किंवा असूनही त्याच्या कुलपाची किल्ली सापडत नसेल, तर शिडी घेऊन उपयोग नाही. शिडी खिडकीला अडकवण्याचे वरचे आकडे नऊ इंची विटांच्या भिंतीवर प्लास्टरसकट बसतात का, तेही विकत घेण्याआधी मोजावं. खिडकीच्या कट्ट्यापासून दोरी सोडून जमीन किती खाली आहे ते पाहावं. १३ फुटांची शिडी पहिल्या मजल्याला पुरेलशी वाटते, पण खाली पार्किंग असेल तर अपुरी पडू शकते. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या वर तर या शिडीचा विचारच करू नये. तिथे मोकळा ठेवलेला जिना हाच खरा मार्ग.

संकटासाठी शिडी बनवणाऱ्याने एक कसोटी लावावी. अंधार आहे, धूर आहे, हात थरथरताहेत, आणि सूचना वाचायला कुणाला सवड नाही. अशा वेळी शिडी एकाच हालचालीत उघडली पाहिजे, तिचा एकही सुटा भाग हरवता कामा नये आणि ती उलटी लावणं शक्यच असू नये. मिटल्यावर दोन इंच जागा जास्त गेली तरी चालेल, उघडताना जास्तीची एक पायरीही चालणार नाही. आणि ज्यांच्या घरात अशी शिडी आहे त्यांनी येत्या रविवारी ती पिशवीतून काढावी, घरातल्या प्रत्येकाला आकडे खिडकीला अडकवून पाहू द्यावेत आणि ग्रिलची किल्ली खिडकीशेजारीच टांगावी.

पुढच्या आठवड्यात : घडीचं स्ट्रेचर. माणूस आडवा झाला की भाराचं गणित कसं बदलतं, ते पाहू.