घरच्या वडीलधाऱ्यांची निगा कशी राखाल?



आसनगाव, वासिंद, टिटवाळा या स्टेशनांवर पहाटेच्या लोकलला किती गर्दी असते, ते आपण रोज पाहता. मुरबाडकडची मुले एस.टी.ने नाहीतर मोटारसायकलवर कल्याण गाठतात. कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कोणी ठाण्यात. रात्री आठ-नऊशिवाय त्यांना घर दिसत नाही. मागे राहतात म्हातारा-म्हातारी, दोन गुरे आणि भातशेती. भातावर करपा दिसला की आपण दुसऱ्या दिवशी कृषी सहायकाला गाठतो. पण घरातले म्हातारे माणूस जेवेनासे झाले, तर "वय झालंय आता" म्हणून सोडून देतो. हे बरोबर नाही. वेळीच नजर ठेवली तर पुष्कळ त्रास टळतो.

काम काढून घेऊ नका, बदलून द्या

जन्मभर राबलेल्या माणसाला "तुम्ही आता नुसते बसा" म्हटले की तो मनाने खचतो. राबासाठी झाडावर चढणे, फवारणी, पॉवर टिलर ही कामे मात्र बंद करा. त्याऐवजी बियाण्याचे काम द्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी टाकायचे, वर तरंगणारे पोल दाणे काढायचे, खालचे जड बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. बसल्या जागी होणारे हे काम आजी-आजोबांइतके जपून दुसरे कोण करील?

पाय, गोळ्या आणि पाणी

मधुमेह असलेल्या माणसाला आवणीच्या चिखलात उतरवू नका. पायाची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही. चिखल्या आणि भेगांतून लेप्टोचे जंतू शिरतात. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे पाहा. पावसाळ्यात ताप, अंगदुखी, डोळे लाल असे दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

ब्लड प्रेशर, साखरेच्या गोळ्या "बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. गोळ्यांचा डबा आणि कीटकनाशकाची बाटली एका फळीवर ठेवू नका. उरलेले कीटकनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. अधू नजरेला फरक कळत नाही.

रात्री उठावे लागते म्हणून म्हातारी माणसे पाणीच पीत नाहीत. दिवसा थोडे थोडे पाणी हातात द्या. पावसाळ्यात अंगणातले शेवाळ खरवडा, पडवीपासून संडासापर्यंत धरायला बांबू बांधा आणि रात्री दिवा ठेवा. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो.

एकाएकी असंबद्ध बडबड सुरू झाली तर भगताकडे नेऊ नका. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा साखर उतरल्यानेही असे होते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर वेळ पाहून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. लकव्यात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

करणाऱ्या बाईचेही बघा

बहुतेक घरांत हे सगळे सूनबाईच्या डोक्यावर असते. शेत, मुले आणि सासू-सासरे असा तिहेरी भार. तिची झोप होत नाही, कंबर धरते, चिडचिड वाढते. डोंबिवलीला राहणाऱ्या भावाने पैसे पाठवले म्हणजे त्याचे काम संपले नाही. भावाबहिणींनी बसून पाळी ठरवावी : दवाखान्याची फेरी कोणाची, रविवार कोणाचा. एक दिवस तिला माहेरी जाता आले, तर पुढचे सहा दिवस ती निभावून नेईल.

जमिनीचा कागद

समृद्धी महामार्ग शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांतून गेला, जमिनीला भाव आला. त्याबरोबर घरोघरी बक्षीसपत्राची भाषा सुरू झाली. आई-बाबांनी प्रेमापोटी सही करावी आणि पुढे त्यांनाच दोन घासांसाठी तोंड वेंगाडावे लागावे, असे होऊ नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ म्हणते, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. तिथे मुलाने सांभाळाचे लिहून दिले होते. म्हणून अट कागदात लिहूनच घ्या. याने प्रेम कमी होत नाही.

पोटगीचा अर्ज प्रांत कार्यालयात करता येतो. मुरबाडकरांना कल्याण प्रांत, शहापूरकरांना भिवंडी प्रांत. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. स्वतः अर्ज करणे जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला नेमता येते. मूलबाळ नसेल तर ज्याला वारसा मिळणार आहे त्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि आशाताई यांनी एकत्र बसून साठीपुढच्या माणसांची यादी करावी. ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. ६५ वर्षांपुढच्या गरीब निराधारांना श्रावणबाळ योजना आहे. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. प्रवास मोफत आहे. मदतीसाठी १४५६७ हा फोन आहे. अंगठा उठत नाही, आधारवर वय चुकले, अशा कारणांनी अर्ज अडतात. एका माणसाला तालुक्याला चार फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा गावातच एक दिवस शिबिर लावलेले बरे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.