ज्याला हवं, त्यालाच

३ मे १९७८. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एका झटक्यात धाडली. पत्ते इतके, की वरच्या रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले. इंटरनेटच्या या पूर्वजावर एकच ओरड झाली. नको असलेल्या जाहिरातींचा पूर सुरू झाला तो इथून.

मग आज एखादं ऑनलाइन दुकान नेमकं आपल्या गरजेचंच कसं सुचवतं? सरळ मार्ग म्हणजे आपल्यासारखं दुसरं गिऱ्हाईक शोधायचं आणि त्याने घेतलेलं आपल्याला दाखवायचं. पण गिऱ्हाइकं कोटींच्या घरात गेली की हा शोध आवरतच नाही. ॲमेझॉनच्या ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये आपली युक्ती लेख लिहून उघड केली. ती वाचताना आजही थक्क व्हायला होतं. त्यांनी माणसांच्या जोड्या लावणंच सोडून दिलं आणि वस्तूंच्या लावल्या.

समजा, मोदकाचा साचा. तो घेणाऱ्यांनी आणखी काय काय घेतलं? मोदकाची पिठी घेतली, मीठही घेतलं. मीठ तर जास्तच जणांनी. पण मीठ सगळेच घेतात, म्हणून गणित त्याच्या एकूण खपाच्या मानाने त्याचं वजन उतरवतं. मीठ मागे पडतं, पिठी वर येते. गणिताला ना गणपती ठाऊक, ना उकड. तरी साच्याशेजारी पिठी बरोबर येऊन बसते! कोणत्या वस्तूशेजारी कोणती, हा तक्ता आधीच तयार असतो. आपण आलो की फक्त आपल्या वस्तूची ओळ वाचायची.

दुकानाचा संदेश मग कोणाला? ज्यांनी साचा घेतला आणि पिठी घेतली नाही, त्यांना. तोही चतुर्थीच्या आठवडाभर आधी. बाकीच्यांना काहीच नाही, आणि मला तरी हे न पाठवणंच जास्त मोलाचं वाटतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं धाडणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. हजारात तिघांनी कंटाळून तक्रारीचं बटण दाबलं, तर ज्यांना ते पत्र खरंच हवं होतं त्यांच्यापर्यंतही ते पोचणं अवघड होऊन बसतं.

घरगुती मसाले विकणाऱ्या छोट्या दुकानाला एवढं गणितही लागत नाही. कोणी किती गोडा मसाला कधी नेला, एवढी वही पुरते. पाव किलो दर तीन महिन्यांनी नेणाऱ्या काकूंना अडीच महिन्यांनी नावानिशी दोन ओळी लिहायच्या: ‘काकू, मसाला संपत आला असेल, ताजा कुटलाय, ठेवू का?’