विश्वासानं तरायचं की सत्कृत्यांनी? केडगावच्या वाटेनं एक जुना वाद

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ माझ्याजवळ आले. पिंपरीतल्या एका कारखान्यात 35 वर्षं काढून निवृत्त झालेले, आता इथं पिंपळे सौदागरला मुलाकडं राहतात. म्हणाले, "सर, ख्रिस्ती लोकांत म्हणे कॅथलिक सांगतात चांगली कामं करा म्हणजे तराल, आणि प्रोटेस्टंट सांगतात नुसता विश्वास ठेवा. यातलं खरं काय?" मी उत्तराला सुरुवात करणार, तेवढ्यात हळूच म्हणाले, "आपण जे केलं ते पुरतं का, हे शेवटी कोण सांगणार?" मला वाटतं, खरा प्रश्न हा दुसरा होता. पण पहिल्याचा गुंता सोडवल्याशिवाय दुसऱ्याकडं जाता येत नाही.

कॅथलिक म्हणजे कर्मवादी आणि प्रोटेस्टंट म्हणजे विश्वासवादी, ही मांडणी चुकीची आहे. मी स्वतः वर्गात कित्येक वर्षं अशीच शिकवली, म्हणून जरा शरमेनंच सांगतो. ल्यूथरनं 1517 साली क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला. पुढं 1522च्या जर्मन भाषांतरात त्यानं पौलाच्या रोमकरांस पत्रात, माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो या ठिकाणी, 'केवळ' असा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. यावर रोमचं उत्तर आलं ट्रेंटच्या धर्मसभेत, जानेवारी 1547 मध्ये. तोवर ल्यूथर वारलेला होता. ते उत्तर प्रत्यक्ष वाचलं तर चकित व्हायला होतं. त्यातला पहिलाच निषेध कुणाचा आहे? देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांच्या बळावर माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याचा! म्हणजे आरंभ कृपेनंच होतो, याबद्दल भांडण नाहीच.

मग भांडण कशाबद्दल? कृपा माणसाचं नेमकं काय करते, याबद्दल. ल्यूथरच्या डोळ्यांपुढं न्यायालय आहे. आरोपी दोषीच आहे, पण ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या नावावर लावून न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो. निकाल लागला. आता तो जे चांगलं करील ते निकालासाठी नव्हे, निकाल लागल्याच्या आनंदात करील. ट्रेंटच्या डोळ्यांपुढं, असं म्हणा, दवाखाना आहे. देव रोग्याला 'बरा' म्हणून सोडून देत नाही, त्याला खरोखर बरं करत नेतो. कृपा आत उतरते, माणूस बदलतो, त्याची प्रेमाची कृत्यं त्या बरं होण्याचाच भाग असतात आणि त्यांनी ती कृपा वाढते. विश्वास हे मूळ खरं, पण प्रेमावाचूनचा विश्वास जिवंत नव्हे. आणि घोर पापानं ही अवस्था गमावताही येते. म्हणून पापनिवेदन, म्हणून संस्कार.

दोन्ही पक्ष एकाच बायबलचा आधार घेतात, आणि गंमत म्हणजे उदाहरणही एकच: अब्राहामाचं. पौल म्हणतो, त्यानं विश्वास ठेवला म्हणून तो नीतिमान गणला गेला. याकोबाचं पत्र म्हणतं, मुलाला वेदीवर ठेवलं तेव्हा कृतीनं त्याचा विश्वास पूर्ण झाला. ल्यूथरचं याकोबाच्या पत्राबद्दल फारसं बरं मत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं रामानुजांच्या परंपरेत असाच वाद झाला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. ही तुलना तंतोतंत लावू नका, कारण कॅथलिक मताप्रमाणं पिल्लाच्या हातातलं बळसुद्धा आईनंच दिलेलं असतं.

आता केडगावला जाऊ. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं गेलं की वाटेत हे स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. हा वाद पोथीतून बाहेर येऊन एखाद्याच्या आयुष्यात कसा घडतो, हे पाहायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडणारं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात हातातला पैसा संपला. व्रतं, उपास, दानं सगळं करून झालं, आणि आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेले. 'आपण केलं ते पुरतं का' हा प्रश्न या मुलीनं उपाशीपोटी विचारलेला आहे.

पुढं 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या धर्मभगिनींनी लंडनच्या फुलम भागात 'पतित' म्हणून समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी घर चालवलं होतं. ते रमाबाईंनी पाहिलं. या बायकांशी इतक्या मायेनं वागणारा धर्म कुठला, असं त्यांना वाटलं. म्हणजे बघा, ख्रिस्ताकडं त्यांना ओढलं ते सत्कृत्यांनी! त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. या भगिनी कॅथलिक नव्हेत, अँग्लिकनच. पण त्या चर्चमधल्या कॅथलिक वळणाच्या, म्हणजे संस्कार आणि चर्चचा अधिकार यांवर भर देणाऱ्या. सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांची पत्रं 1977 साली पुस्तकरूपानं निघाली आहेत. जरूर वाचा. एका बाजूला चर्चची शिकवण निमूट मान्य करावी हा आग्रह, आणि दुसऱ्या बाजूला माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाकडं गहाण ठेवणार नाही हे मराठी बाणेदार उत्तर.

भारतात परतून 1889 साली मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. काम जोरात चाललेलं. आणि नेमकं तेव्हाच या बाईंना जाणवलं की आपलं काहीतरी राहिलंय. 1907च्या आपल्या साक्षीत त्या हे सांगतात: बाप्तिस्म्यानंतर 8 वर्षांनी कळलं की धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नव्हता. त्याच सुमाराला हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ बरीच वर्षं उपदेश करत होता, आणि 1851 साली स्वतःचंच प्रवचन देताना त्याचं परिवर्तन झालं! रमाबाईंनीही अखेर, स्वतःचं सगळं बळ संपल्यावर, बिनशर्त शरणागती पत्करली. कर्मानं मिळवायचं काही उरलं नाही, ते मिळालेलंच आहे, हा ल्यूथरचा अनुभव. फक्त एका मराठी विदुषीला आलेला.

मग काय झालं? तरणं ठरलेलंच असेल तर माणूस हातपाय कशाला हलवील, ही केवळ-विश्वासाविरुद्धची सर्वांत जुनी हरकत आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. पण रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहा. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावच्या शेतजमिनीवर त्यांना वसवलं. विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. शिवाय बायबलचं साध्या मराठीत भाषांतर, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली प्रसिद्ध झालं. संस्थेला नाव दिलं 'मुक्ती'. एका उदाहरणानं सिद्धान्त सिद्ध होत नाही, मान्य. आणि याच्या उलट, फुलमच्या त्या भगिनींची सेवा काही कमी खरी नव्हती.

फरक कुठं दिसतो तर मृत्यूपाशी. वसईच्या कॅथलिक गावांत 2 नोव्हेंबरला कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी प्रार्थना करतात. बरं होणं अपुरं राहिलं असेल तर मृत्यूनंतरही शुद्धी होते, आणि जिवंतांची प्रार्थना तिथं उपयोगी पडते. आपल्या पितृपक्षाची आठवण यावी असं. प्रोटेस्टंट घरात हे नसतं. तिथं गेलेल्याबद्दल देवाचे आभार मानतात, त्याच्यासाठी मागत नाहीत. निकाल लागलाय, अर्ज कशाचा? ज्यानं आपलं माणूस गमावलंय त्याला यातलं कुठलं अधिक सोसवेल, हे मला सांगता येणार नाही. माझी पत्नी गेली तेव्हा मला काहीतरी करावंसं वाटत होतं, एवढं मात्र आठवतं.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गला ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या गुणांमुळं नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, आणि तीच कृपा सत्कृत्यांना बळ देते. 2006 साली मेथडिस्ट त्यात आले, 2017 साली सुधारित चर्चेसही. सगळं मिटलं असं नाही. आपण तरलो याची खात्री माणसाला बाळगता येते का? ट्रेंट म्हणतं, आशा धरा, पण श्रद्धेच्या निश्चितीनं तसं म्हणू नका. ल्यूथर म्हणतो, खात्री नसेल तर तो विश्वास कसला?

तेव्हा साहेब, तुमच्या प्रश्नाला दोघांचंही पहिलं उत्तर एकच येईल: नाही, पुरत नाही, आणि पुरावं अशी अटही नव्हती. त्यापुढं कॅथलिक धर्मगुरू म्हणेल, मिळालेल्या कृपेनं चालत राहा. प्रोटेस्टंट पाळक म्हणेल, हिशोबाची वही मिटवा. तुम्ही मागं का बसलात? पुढं या, पहिला प्रश्न तुमचाच घेऊ.