बापाचं वावर आणि मोबाइलमधला वकील

बापाच्या वावरात लेकीला हिस्सा असतो का, हा प्रश्न बचत गटात नेहमी निघतो. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित वावरात असतो, वडील २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असले तरी. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तसं सांगितलं. आधीच रीतसर वाटणी झाली असेल, तर गोष्ट वेगळी.

असे निकाल इंग्रजीत असतात. २०१९ पासून सुप्रीम कोर्ट त्यांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ नावाची एआय यंत्रणा वापरतं, मराठीसाठीही. ते भाषांतर समजून घेण्यापुरतं. कामकाजात इंग्रजी प्रतच खरी.

मोबाइलमधल्या एआयला मात्र जपून विचारा. ते शब्दाला शब्द जुळवत जातं, त्यामुळे ठाऊक नसलं तरी उत्तर ठोकून देतं, तेही मोठ्या ऐटीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी त्याने रचलेले, कधी झालेच नाहीत असे निकाल कोर्टात दिले. ५,००० डॉलर दंड बसला. शिकलेसवरलेले वकील हे!

नोटिशीतला ‘फेरफार’ किंवा ‘हक्कसोड’ म्हणजे काय, एवढं त्याला खुशाल विचारा. पण त्याच्या भरवशावर भावाच्या हक्कसोडपत्रावर सही करू नका. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. सातबारा, फेरफाराची नक्कल आणि नोटीस सोबत न्या. नोटिशीवरची तारीख उलटायच्या आत.