परळचा उमेदवार आणि कोकणातले कूळ

१९३५च्या कायद्यान्वये प्रांतांना मिळालेल्या मर्यादित स्वायत्ततेनुसार फेब्रुवारी १९३७मध्ये मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा भायखळा-परळ मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने उभे राहिले, तो पक्ष जन्मून जेमतेम सहा महिने झाले होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर पाळवणकर बाळू यांना उभे केले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज एकेकाळी खुद्द आंबेडकरांच्याही आदराचा विषय होता. लढत तशी अवघडच. सुमारे दोन हजार मतांनी आंबेडकर विजयी झाले.

पक्षाच्या जाहीरनाम्यात कामाच्या तासांवर मर्यादा, पुरेसे वेतन, भरपगारी रजा, माफक भाड्याची आरोग्यकारक घरे ही कामगारांची कलमे होती आणि कुळांच्या संरक्षणाचीही होती. वरवर पाहता ही दोन निराळ्या वर्गांची गाऱ्हाणी. परंतु गिरणगावातील असंख्य घरांचा एक पाय परळच्या चाळीत, तर दुसरा रत्नागिरी वा कुलाबा जिल्ह्यातील खोताच्या जमिनीवर होता. कर्ता पुरुष गिरणीत खपून मनिऑर्डर पाठवी आणि मागे राहिलेली बायको व म्हातारी माणसे भात पिकवून त्यातला मोठा हिस्सा खोताच्या घरी पोचता करीत. एका कुटुंबाच्या या दोन्ही टोकांचा विचार एकाच मसुद्यात करणारा उमेदवार त्या निवडणुकीत दुसरा कोणी असेल, असे मला वाटत नाही.

गिरणीतही सर्वांना सारखे काम नव्हते. विणकामाच्या साचेखात्यात मजुरी अधिक मिळे. पण कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा हाती घेण्यास इतर कामगार राजी नसल्यामुळे त्या खात्याचे दार त्याला बंद असे. संपाच्या वेळी मात्र एकजुटीचे आवाहन त्यालाही होई! या विसंगतीवर आंबेडकरांनी १९२८च्या संपापासून बोट ठेवले होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा मध्यस्थ. सरकारचा सारा भरून उरलेले उत्पन्न त्याचे, शिवाय वेठबिगार आणि नाना प्रकारचे हक्क वेगळेच. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्यांच्या शिष्टमंडळाने प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळासाहेब खेर यांची भेटही घेतली. परंतु विधेयक काही पुढे सरकले नाही.

त्याच वर्षी खेरांच्या प्रधानमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. तडजोडीची सक्ती करून, बेकायदा ठरलेल्या संपाला तुरुंगवासाची शिक्षा सांगणाऱ्या या विधेयकाला कामगारांनी 'काळा कायदा' म्हटले. काम नाकारणे हा करारभंग असेल, गुन्हा नव्हे, अशी मांडणी करून आंबेडकरांनी त्याला सभागृहात विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८च्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. ज्यांच्याशी त्यांचे तात्त्विक वैर जगजाहीर होते, त्यांच्याशी केलेली ही हातमिळवणी संधिसाधूपणाची नव्हती, असेच माझे मत आहे. विधेयक अर्थातच बहुमताने संमत झाले. त्याच नोव्हेंबरात पक्षाचे आमदार रोहम यांच्यामार्फत मांडला गेलेला संततिनियमनाचा ठरावही सभागृहाने फेटाळला. बाळंतिणीच्या रजेसाठी १९२८मध्येच कौन्सिलात भांडलेल्या माणसाच्या दृष्टीने तो कामगार स्त्रीच्या प्रकृतीचाच प्रश्न होता.

१९३९च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४२मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना होऊन मजूर पक्ष मागे पडला. त्याच वर्षी आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६मध्ये झाली. खोती नष्ट करणारा कायदा मुंबईच्या विधिमंडळाने १९४९मध्ये संमत केला. मुख्यमंत्रिपदी तेव्हाही बाळासाहेब खेरच होते.