चार्ट मामाचा, बीपी मामीचं!

गिरगावातल्या खोताच्या वाडीत तुम्ही एखाद्या रविवारी कॅमेरा घेऊन गेला असाल. रंगीत बंगले, लाकडी बाल्कन्या, बाहेरून चढणारे जिने... एकदम पिक्चर-परफेक्ट! पण त्याच जिन्यावरून पेशंट उतरवायचा असेल तर? गेल्या पावसाळ्यात माझ्या मामाच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा शेजारच्या चार पोरांनी स्ट्रेचर तिरकं करत करत त्याला गल्लीबाहेर नेलं.

ऑपरेशन नीट झालं. पण पुढच्या दोन महिन्यांत मला कळलं, की मामी कशी आहे हे जाणून घ्यायचं असेल तर मामाची तब्येत विचारावी. त्याला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, तोवर ती रात्री दर दोन तासांनी उठून त्याला वळवायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. जेवण उभ्याउभ्या, फोनवर बोलणं तुटक. ज्या दिवशी तो वॉकर धरून बाथरूमपर्यंत गेला, त्या दिवशी तिनं केसांना तेल लावलं. मग त्याला ताप भरला, आणि बीपी वाढलं तिचं!

आजाराचं नाव केवढं भारी, यापेक्षा पेशंटला स्वतःचं किती करता येतं, यावर घरच्यांची झोप ठरते. हा ताण मोजायला 'झॅरिट' नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. पेशंटजवळ असताना राग येतो का, असंही त्यात विचारतात. (मामीनं 'हो' म्हटलं असतं तर वाडीभर चर्चा!) १९९९ सालच्या एका अमेरिकन पाहणीत, जोडीदाराचं करताना ताण जाणवणाऱ्या ६६ वर्षांपुढच्या लोकांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला. आपल्याकडे मात्र 'बायकोच ती, करणारच' म्हटलं की विषय संपला. आणि मामीला निदान घर तरी होतं. परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्या नातेवाइकांचं काय?

मग आपण काय करायचं? 'काही लागलं तर सांग' असा मेसेज टाकू नका, कुणी सांगत नसतं. सरळ एक रात्र मागून घ्या. मी शनिवारची घेतली. मामाला आधार देऊन उठवायचं कसं, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकले. पहिल्या शनिवारी मामी चक्क नऊ तास झोपली आणि सकाळी माझ्यावरच उखडली, "चहाला का नाही गं उठवलंस?"