टर्बोचा दाब कमी का पडतो?

मोटारीच्या एंजिनाला पेट्रोलापेक्षा हवा कितीतरी अधिक लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पुरतेपणी जळावयास जवळजवळ पंधरा भाग हवा हवी. पेट्रोल जास्त सोडणे सोपे. हवा जास्त भरणे अवघड. ही अडचण दूर करण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस यंत्रज्ञाने काढली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. एंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसविलेल्या पंख्याने बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबावयाची, अशी ती युक्ती. हाच टर्बो. आज आपल्या रस्त्यांवरील डिझेल मोटारींत आणि मालमोटारींतही तो सर्रास असतो. पण त्याच्या बिघाडाची परीक्षा शिकावयाची तर स्पोर्ट्स मोटारच बरी, कारण तिच्या चालकासमोर दाबाचा काटा असतो आणि काटा थोडा खाली राहिला तरी त्याच्या लक्षात येते.

उदाहरणासाठी जर्मनीतील पोर्शे कारखान्याची ९४४ टर्बो ही गाडी घेऊ. ही १९८५ ते १९९१ या काळात तयार झाली. चार सिलिंडरांचे सुमारे अडीच लिटरचे एंजिन आणि प्रारंभी २२० अश्वशक्ती. गाडी आता जुनी झाली. रबराच्या नळ्या वाळल्या, तारांचे जोड गंजले. म्हणून तिच्या मालकांची नेहमीची तक्रार एकच : पूर्वीसारखा दाब येत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, टर्बो गेला, नवा घाला. दुसरा म्हणतो, दाब वाढविणारा एक छोटा कॉक मिळतो, तो बसवा. पहिल्या सल्ल्याने बहुधा पैसा व्यर्थ जातो. दुसऱ्याने कधी कधी एंजिनच जाते. ते कसे, हे समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम काटा काय सांगतो ते पाहू. पुष्कळ गाड्यांतील काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवितो. एंजिन बंद असता तो शून्यावर असतो. ९४४ टर्बोचा काटा मात्र एकूण दाब दाखवितो. समुद्रसपाटीला एंजिन बंद असता तो एक बारच्या आसपास उभा राहतो आणि पूर्ण जोरात सुमारे १.७५ पर्यंत चढतो. म्हणजे टर्बोची खरी भर पाऊण बारची. हा भेद न कळल्यामुळे लोक भलत्याच आकड्याची अपेक्षा धरून बसतात. शिवाय उंचीचा परिणाम आहेच. पणजीला एक बारवर उभा राहणारा असा काटा चोर्ला घाट चढून बेळगावास आला, की एंजिन बंद असतानाही ०.९२ च्या आसपासच दिसेल, कारण तिथली हवाच तेवढी विरळ. त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट, गाडी उभी ठेवून नुसता अॅक्सिलरेटर दाबल्याने दाब येत नाही. एंजिनावर ओझे नसेल तर धुराला जोर नसतो, आणि धुराला जोर नाही तर चक्राला वेग नाही. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून पूर्ण थ्रॉटल देऊन काटा वाचावयाचा असतो, आणि तो वाचण्यास शेजारी दुसरा माणूस हवा. त्याचबरोबर दुसरे खात्रीचे गेज तात्पुरते जोडून गाडीचा काटा खरा बोलतो की नाही, तेही पाहावे. एवढे झाल्यावरच दाब खरोखर कमी आहे असे म्हणावे.

आता मुख्य भाग, वेस्टगेट. टर्बोला आवर घालणारे कोणी नसेल तर दाब वाढतच जाईल आणि एंजिन फुटेल. म्हणून चक्राकडे जाणाऱ्या धुराला एक चोरवाट ठेवलेली असते, आणि तिच्या झडपेवर स्प्रिंग व पातळ पडदा असतो. पंख्याने तयार केलेल्या दाबाची एक बारीक नळी या पडद्याशी येते. दाब ठरल्याइतका झाला की पडदा सरकतो, झडप उघडते, जादा धूर परस्पर निघून जातो आणि चक्राचा वेग वाढावयाचा थांबतो. ९४४ टर्बोत या नळीवर एक विद्युत् झडपही आहे. ती नळीतला थोडा दाब मागे सोडून देते. त्यामुळे पडद्याला खऱ्यापेक्षा कमी दाब भासतो आणि वेस्टगेट उशिरा उघडते. या विद्युत् झडपेची तार तुटली तर ती मिटलेली राहते, पडद्याला सगळा दाब पोहोचतो, चोरवाट लवकर उघडते आणि काटा खाली राहतो.

यातून एक उलटसुलट गंमत निघते, ती नीट ध्यानात घ्यावी. पडद्याकडे जाणारी बारीक नळी फुटली, किंवा पडदाच फाटला, तर दाब कमी न होता वाढतो, कारण वेस्टगेटला उघडण्याची खबरच मिळत नाही. मग दाब मर्यादेबाहेर गेलेला पाहून गाडीतील नियंत्रक पेटी हस्तक्षेप करते आणि चालकाला जोर एकदम तुटल्यासारखा वाटतो. तो तक्रार करतो, ‘दाब कमी’. खरे दुखणे अगदी विरुद्ध असते. म्हणून काटा मुळात चढतच नाही, की चढून मग पडतो, हा प्रश्न मेस्त्रीने पहिल्यांदा विचारावा.

काटा चढतच नसेल तर बहुतेक वेळा गळती निघते. पंख्यापासून इंटरकूलरमधून एंजिनापर्यंतच्या वाटेवर रबरी जोड आणि पट्ट्यांच्या क्लिपा पुष्कळ असतात. तेलाच्या वाफेने रबर सुजते, मऊ पडते, घडीत चिरते. थंड आणि बंद एंजिनात ही चीर मिटलेली असते. दाब आला की ओठासारखी उघडते. त्यामुळे नुसते डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. गळती शोधण्याची रीत अशी : एंजिन बंद ठेवून पंख्याचे तोंड घट्ट झाकणाने बंद करावे, त्यातून कॉम्प्रेसरची हवा अगदी हलक्या दाबाने, अर्ध्या बारपेक्षा कमीच, आत सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तिथे दुखणे. पिस्टनच्या रिंगांवाटे थोडी हवा तेलाच्या झाकणाकडे सुस्कारत जाते, तेवढ्याने घाबरू नये.

त्याच चिरेची दुसरी खूणही आहे, आणि ती मला फार शिकविणारी वाटते. या गाडीत आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते आणि त्या मापाने पेट्रोल सोडले जाते. मोजलेली हवा पुढे चिरेतून निसटली तर पेट्रोल मात्र पूर्ण हवेचेच पडते. धूर काळा येतो. पण चीर थ्रॉटलच्या पुढे असेल आणि गाडी सावकाश चालत असेल, तर तिथे दाब नसून ओढ असते. बाहेरची न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण उलट पातळ होऊन एंजिन लडखडते. एकाच भोकाची ही दोन तोंडे. जोरात काळा धूर आणि उभे असता धडधड अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर टर्बो उघडण्याआधी नळ्या तपासाव्यात.

धुराच्या बाजूची गळतीही असते. ९४४ टर्बोत धूर एंजिनाच्या एका बाजूने निघतो आणि टर्बो दुसऱ्या बाजूला बसविलेला आहे. मधला लोखंडी पाइप एंजिनाखालून जातो आणि उष्णतेने तडकतो. चक्रापर्यंत पोहोचण्याआधी धूर निसटला तर चक्राला गती कमी मिळते. तडकेभोवती काजळीची रेघ उमटलेली दिसते. पुढचा कॅटॅलिटिक भाग भाजून तुंबला असला तरी हेच होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ९४४ टर्बोत एंजिनावर नॉकिंग ऐकणारा सेन्सर आहे. पेट्रोल कमी प्रतीचे असेल किंवा हवा फार तापली असेल, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. नियंत्रक पेटी आधी त्या सिलिंडरची ठिणगी मागे घेते. तेवढ्याने भागले नाही तर टर्बोचा दाब उतरविते. म्हणजे काटा खाली आला तो यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, यंत्र स्वतःला सांभाळीत आहे म्हणून. अशा गाडीला बाहेरून कॉक बसवून जबरीने दाब चढविणे म्हणजे तापलेल्या रोग्याचा थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. पिस्टनच्या डोक्याला भोक पडावयास मग वेळ लागत नाही. गळकी नळी तशीच ठेवून दाब वाढविला तरी निराळ्या वाटेने तोच घात होतो : निसटलेली हवा भरून काढण्यासाठी पंखा मर्यादेपेक्षा अधिक वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापते.

टर्बो स्वतः तपासावा तो शेवटी. तोंडाकडची नळी काढून दांडा बोटाने हलवून पाहावा. तेलाच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमुळे आडवी किंचित हालचाल असतेच. पण पाती कवचाला घासत असतील, किंवा दांडा पुढेमागे सरकत असेल, तर मात्र तो गेला. बेअरिंगात तेल जळून कोळसा होणे हे याचे नेहमीचे कारण. म्हणून पोर्शेने या गाडीत एंजिन बंद झाल्यावरही काही वेळ टर्बोभोवती पाणी फिरविणारा विजेचा पंप ठेवला आहे. तो मुका झाला आहे का, हे नवा टर्बो घालण्यापूर्वी पाहावे. नाही तर नव्याचीही तीच गत होते.

दुरुस्ती झाली की त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा काटा वाचावा, आणि त्या दिवशीची हवा, पेट्रोलची प्रत व आकडा वहीत टिपून ठेवावा.